गुरू गोविंदसिंहांचे सुहृद

नांदेड शहराच्या कडेने गोदावरी नदी संथपणे वाहते. तिच्या उत्तर तीरावर सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांचा पवित्र गुरुद्वारा उभा आहे. त्याचा सुवर्णमंडित घुमट दुरूनच दृष्टीस पडतो. दररोज पहाटे, अंधार असतानाच, एक सेवक नदीचे पाणी घागरीत भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचे स्थान धुतले जाते. पंजाब येथून शेकडो कोस दूर आहे. तरीही तेथील हजारो भाविक दरवर्षी मोठ्या श्रद्धेने नांदेडला येतात. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंह, यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे दिवस याच गोदातीरी घालवले आणि येथेच आपला देह ठेवला.

गुरू गोविंदसिंहांचे नाव घेताच तलवार, घोडा आणि रणांगण डोळ्यांपुढे उभे राहते. ते थोर योद्धे होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे. धर्माच्या नावाने माणसे एकमेकांपासून दुरावत होती, अशा काळात त्यांनी भिन्न भिन्न धर्मांच्या माणसांशी मोकळ्या मनाने संवाद साधला आणि त्यांतून जिवाला जीव देणारे सुहृद जोडले. त्या सुहृदांची ही कथा आहे.

गुरूंचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी बिहारमधील पाटणा येथे झाला. त्यांचे पिता गुरू तेगबहादूर हे शिखांचे नववे गुरू. बाळाच्या जन्माविषयी एक आख्यायिका सांगतात. भीखन शाह नावाचे एक मुसलमान फकीर या बालकाच्या दर्शनासाठी लांबचा प्रवास करून पाटण्यास आले. हे मूल मोठे झाल्यावर हिंदूंचा कैवार घेईल की मुसलमानांचा, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी बालकापुढे दोन लहान मडकी ठेवली. एक हिंदूंचे, दुसरे मुसलमानांचे, असे त्यांनी मनाशी योजले होते. बालकाने आपले दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही मडक्यांवर एकाच वेळी ठेवले. फकीर प्रसन्न होऊन परत गेले.

आख्यायिका खरी असो वा नसो, गुरूंचे पुढील आयुष्य मात्र तिला साजेसेच घडले.

त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था उत्तम झाली. पाटण्याची बोली त्यांच्या कानावर जन्मापासून होती. आनंदपुरास आल्यावर ते पंजाबी शिकले. संस्कृत आणि ब्रज भाषेचा त्यांनी अभ्यास केला. फारसी त्यांना काझी पीर महंमद यांनी शिकवली. फारसी ही त्या काळी राजदरबाराची आणि विद्वान मुसलमानांची भाषा होती. दुसऱ्याचे मन जाणायचे, तर प्रथम त्याची भाषा जाणली पाहिजे. गुरूंना हे बालपणीच साधले. पुढे त्यांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी व पंडित एकत्र बसत. फारसीचे नामवंत कवी भाई नंदलाल हे त्यांपैकीच एक होत.

परंतु हे बालपण सुखाचे राहिले नाही. १६७५ मध्ये काश्मीरचे काही पंडित गुरू तेगबहादूर यांच्याकडे आले. धर्म बदलण्यासाठी आपल्यावर बळजबरी होत आहे, असे त्यांनी व्याकूळ होऊन सांगितले. त्या पंडितांचा धर्म निराळा होता, त्यांचे आचार निराळे होते. तरी प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागता आले पाहिजे, यासाठी गुरू तेगबहादूर दिल्लीस गेले. औरंगजेब बादशहाच्या आज्ञेने चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. त्या वेळी गोविंद अवघे नऊ वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात त्यांच्यावर गुरुपदाचा भार येऊन पडला.

पित्याच्या वधाने एखाद्याच्या मनात साऱ्या मुसलमानांविषयी कायमचा द्वेष भरला असता. गोविंदांच्या मनात तसे झाले नाही. वध करणारी सत्ता आणि त्या सत्तेचा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले. मंदिर आणि मशीद, पूजा आणि नमाज यांत एकाच ईश्वराची उपासना आहे, अशी त्यांची धारणा होती.

तारुण्यात गुरू यमुनेच्या काठी पाँटा या गावी राहत होते. तेथून जवळच सढौरा नावाचे गाव आहे. तेथे सय्यद बद्रुद्दीन नावाचे सूफी संत राहत. लोक त्यांना पीर बुद्धू शाह म्हणून ओळखत. गुरूंची कीर्ती ऐकून ते पाँट्यास आले. ईश्वर कसा आहे, भक्ती म्हणजे काय, मनुष्याने कसे वागावे, यांविषयी दोघांची बोलणी झाली. एकाने दुसऱ्याचा धर्म बदलण्याचा प्रयत्न केला नाही. पीर मुसलमानच राहिले आणि गुरू शीखच राहिले. तरीही त्या संभाषणातून जे सख्य जडले, ते अखेरपर्यंत टिकले.

या सख्याची कसोटी लवकरच लागली. बादशाही सैन्यातून कमी केलेले पाचशे पठाण पीर बुद्धू शाह यांच्या शिफारशीवरून गुरूंनी आपल्या पदरी ठेवले होते. १६८८ मध्ये डोंगरी मुलखातील काही हिंदू राजे एकत्र येऊन गुरूंवर चालून आले. लढाई तोंडावर आली आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक पठाण गुरूंना सोडून शत्रूस मिळाले. ही वार्ता सढौऱ्यास पोहोचली. आपण दिलेल्या शब्दाला बट्टा लागला, याचे पीरांना अत्यंत दुःख झाले. ते आपले चार पुत्र आणि सुमारे सातशे अनुयायी घेऊन तडक भंगाणीच्या रणांगणावर आले व गुरूंच्या बाजूने लढले.

गुरूंचा विजय झाला; पण पीरांचे दोन पुत्र त्या युद्धात कामी आले. युद्धानंतर पीर निरोप घेण्यास आले, तेव्हा गुरू कंगव्याने केस विंचरत होते. या उपकाराबद्दल काय द्यावे, असा प्रश्न गुरूंना पडला. पीरांनी धन मागितले नाही, जमीन मागितली नाही. केस अडकलेला तो कंगवाच त्यांनी मागून घेतला. गुरूंनी कंगव्यासोबत आपली पगडी आणि एक लहान कृपाणही त्यांना दिले. पीरांच्या घराण्याने हा ठेवा पुढे पिढ्यान्‌पिढ्या जपला. याच स्नेहापायी पुढे सढौऱ्याच्या अधिकाऱ्याने पीर बुद्धू शाह यांचा वध केला. मृत्यू समोर दिसत असतानाही त्यांनी आपल्या मित्राला अंतर दिले नाही.

१६९९ च्या वैशाखीच्या दिवशी गुरूंनी आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली. त्या दिवशी मस्तक देण्यास जे पाच जण पुढे आले, त्यांना पंचप्यारे म्हणतात. त्यांपैकी एक लाहोरचा, दुसरा हस्तिनापूरचा, तिसरा जगन्नाथपुरीचा आणि चौथा द्वारकेचा होता. पाचवे साहिबचंद हे बिदरचे राहणारे. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि देवणी या तालुक्यांना बिदरचा मुलूख लागूनच आहे. हे पाच जण निरनिराळ्या जातींचे आणि निरनिराळ्या धंद्यांचे होते. गुरूंनी त्या सर्वांना एकाच पात्रातून अमृत पाजले आणि मग नम्रपणे त्यांच्या हातून स्वतःही ते घेतले.

यानंतरची वर्षे मोठ्या संकटांची होती. मोगल सुभेदार आणि डोंगरी राजे यांच्या फौजांनी आनंदपुरास वारंवार वेढा घातला. त्या काळातील एक प्रसंग चिरस्मरणीय आहे. कन्हैया नावाचे गुरूंचे एक अनुयायी रणांगणावर पाण्याची पखाल घेऊन फिरत आणि घायाळ सैनिकांना पाणी पाजत. शत्रूचे सैनिकही त्यांच्याकडून पाणी पिऊन ताजेतवाने होतात, अशी तक्रार काही शिखांनी गुरूंकडे केली. गुरूंनी कन्हैयांना बोलावून विचारले. जखमी माणसांत आपल्याला शीख किंवा मुसलमान असा भेद दिसत नाही, सर्वांच्या ठायी गुरूंचेच रूप दिसते, असे त्यांनी शांतपणे सांगितले. तक्रार करणारे आता गुरूंच्या कोपाची वाट पाहू लागले. परंतु गुरूंनी कन्हैयांना जवळ घेतले आणि जखमांवर लावण्यासाठी मलम व पट्ट्याही त्यांच्या हाती दिल्या. पाण्याबरोबर आता औषधही सर्वांना मिळू लागले.

१७०४ च्या अखेरीस आनंदपुरातील अन्नधान्य संपले. गुरूंनी किल्ला सोडल्यास त्यांना सुखरूप जाऊ देऊ, असे वचन मोगल अधिकाऱ्यांनी पवित्र कुराणाची शपथ घेऊन दिले. त्या शपथेवर विसंबून गुरू बाहेर पडले आणि ती शपथ मोडली गेली. कडाक्याच्या थंडीत, पूर आलेली सरसा नदी ओलांडताना गुरूंच्या परिवाराची ताटातूट झाली. चमकौरच्या लढाईत त्यांचे दोन थोरले पुत्र अजितसिंह आणि जुझारसिंह धारातीर्थी पडले. धाकटे दोन पुत्र जोरावरसिंह आणि फतेहसिंह सरहिंदच्या सुभेदाराच्या हाती सापडले. धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे त्या बालकांना भिंतीत चिणण्याची आज्ञा झाली.

त्या दरबारात एकच आवाज या क्रौर्याविरुद्ध उठला. तो मालेरकोटल्याचे नबाब शेर महंमद खान यांचा होता. ते मोगलांच्या बाजूने गुरूंशी लढले होते. तरीही निष्पाप मुलांचा वध करणे इस्लामला मान्य नाही, असे त्यांनी सर्वांसमक्ष स्पष्टपणे सांगितले. त्यांचे कोणी ऐकले नाही. मुलांचे प्राण वाचले नाहीत. परंतु शिखांनी ते शब्द कधी विस्मरणात जाऊ दिले नाहीत. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी पंजाबात सर्वत्र रक्तपात झाला, तेव्हा मालेरकोटल्याच्या मुसलमानांना मात्र धक्का लागला नाही. अडीचशे वर्षांपूर्वी उच्चारलेल्या न्यायाच्या शब्दांची ही कृतज्ञ आठवण होती, असे तेथील लोक मानतात.

इकडे चमकौरहून निघालेले गुरू माछीवाड्याच्या अरण्यात एकटेच पायी फिरत होते. अंगावरील वस्त्रे फाटली होती. पायांना काट्यांनी जखमा झाल्या होती. मोगल सैनिक चहूकडे त्यांचा शोध घेत होते. अशा वेळी नबी खान आणि गनी खान हे दोन पठाण बंधू त्यांच्या साहाय्यास आले. ते घोड्यांचे व्यापारी होते आणि गुरूंशी त्यांचा जुना परिचय होता. गुरूंना आसरा देणे म्हणजे आपल्या मस्तकाची बाजी लावणे होय, हे त्यांना पुरतेपणी ठाऊक होते. त्यांनी गुरूंना निळी वस्त्रे नेसवली, पालखीत बसवले आणि हे उच्च येथील पीर आहेत, असे सांगत ती पालखी खांद्यावर घेऊन ते शत्रूच्या पहाऱ्यांतून निघाले.

वाटेत एका सरदारास संशय आला. खात्री करून घेण्यासाठी त्याने काझी पीर महंमद यांना बोलावले. गुरूंना बालपणी फारसी शिकवणारे ते हेच काझी. त्यांनी आपल्या शिष्यास तत्काळ ओळखले. एका शब्दाने ते बादशहाची मर्जी संपादन करू शकले असते. परंतु हे खरोखरीच थोर पीर आहेत, असे सांगून त्यांनी पालखीस वाट मोकळी करून दिली. पुढे रायकोटचे मुसलमान सरदार राय कल्हा यांनीही गुरूंना आश्रय दिला आणि आपला माणूस सरहिंदला पाठवून धाकट्या मुलांची वार्ता आणवली. ती ऐकताना राय कल्हा यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात.

चारही पुत्र गेले. अशा वेळी गुरूंनी काय केले? १७०५ मध्ये त्यांनी औरंगजेब बादशहास फारसी भाषेत, पद्यरूपाने एक पत्र लिहिले. ते ‘जफरनामा’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या पत्रात त्यांनी बादशहाच्या धर्माची निंदा केली नाही. कुराणाची शपथ घेऊन जे ती मोडतात, ते आपल्याच धर्माशी बेइमान होतात, ही गोष्ट त्यांनी निर्भयपणे बादशहाच्या ध्यानी आणून दिली आणि समोरासमोर बसून बोलण्याचे आवाहन केले. बादशहा त्या वेळी दक्षिणेत होता. पंचप्याऱ्यांपैकी भाई दयासिंह आणि भाई धर्मसिंह हे पत्र घेऊन अहमदनगरपर्यंत आले. पत्र वाचून बादशहाने गुरूंना भेटण्याची इच्छा दर्शवली. गुरू दक्षिणेकडे निघालेही. परंतु १७०७ च्या आरंभी अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि ती भेट राहून गेली.

औरंगजेबाचा पुत्र बहादूरशहा गादीवर आला. ज्याच्या पित्याने आपल्या पित्याचा वध करवला, त्याच्याशी बोलावे की नाही? गुरूंनी बोलण्याचा मार्ग पत्करला. १७०७ मध्ये आग्र्यास दोघांची भेट झाली. बादशहाने मानाची वस्त्रे देऊन गुरूंचा सत्कार केला. सरहिंदच्या सुभेदारास शासन व्हावे आणि प्रजेला न्याय मिळावा, हा गुरूंचा आग्रह होता. बोलणी चालू राहिली. बादशहा दक्षिणेकडे निघाला, तेव्हा गुरूही आपल्या अनुयायांसह त्याच्या छावणीबरोबर प्रवास करू लागले. परंतु महिन्यांमागून महिने गेले, तरी बादशहा ठाम निर्णय घेईना. प्रत्येक संभाषण सफल होतेच असे नाही. जेथे एक बाजू टाळाटाळ करते, तेथे सौजन्यालाही मर्यादा पडते. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरूंनी मुक्काम केला आणि बादशहाची फौज हैदराबादच्या रोखाने पुढे निघून गेली.

गोदावरीच्या काठी त्या वेळी माधोदास नावाचे एक बैरागी मठ बांधून राहत होते. ते मूळचे काश्मीरकडील राजौरीचे. तरुणपणी शिकार करीत असता त्यांच्या बाणाने एक गाभण हरिणी मेली. तिच्या पोटातील पाडसे डोळ्यांदेखत तडफडून मेलेली पाहून त्यांना विरक्ती आली आणि ते घरदार सोडून भटकत भटकत नांदेडला पोहोचले. मंत्रसिद्धीमुळे परिसरात त्यांचा मोठा दरारा होता. एके दिवशी ते मठात नसताना गुरू तेथे आले आणि बैराग्याच्या आसनावर बसले. परत आलेल्या माधोदासांना प्रथम अतिशय संताप आला. परंतु गुरूंची शांत मुद्रा पाहून आणि त्यांचे बोलणे ऐकून त्यांचा राग ओसरला. जगात अन्याय चालू असता वनात बसून स्वतःपुरती शांती शोधणे पुरेसे नाही, हे त्यांना पटले. त्यांनी गुरूंचे शिष्यत्व पत्करले. हेच पुढे बंदा सिंह बहादूर म्हणून इतिहासात प्रसिद्ध झाले. गुरूंनी त्यांना आपल्या भात्यातील पाच बाण देऊन पंजाबात पाठवले.

यानंतर थोड्याच दिवसांत नांदेडच्या मुक्कामी एका पठाण मारेकऱ्याने गुरूंवर कट्यारीने वार केला. हे वृत्त कळताच बादशहाने जखम शिवण्यासाठी शस्त्रवैद्य पाठवला, असे परंपरा सांगते. जखम भरत आली होती. परंतु एक कठीण धनुष्य ओढताना ती पुन्हा उलली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला. त्यांच्या वयाला बेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पठाणाच्या हातून त्यांच्यावर वार झाला, आणि पठाणांनीच एकदा त्यांची पालखी खांद्यावर वाहून त्यांचे प्राण वाचवले होते. माणसाची पारख त्याच्या जातीवरून वा धर्मावरून करू नये, हाच धडा त्यांच्या आयुष्याने दिला.

देह ठेवण्यापूर्वी गुरूंनी एक महत्त्वाचा निर्णय केला. आपल्यामागून कोणीही व्यक्ती गुरू होणार नाही. ग्रंथसाहिब हाच यापुढे गुरू, असे त्यांनी सांगितले. या ग्रंथात शीख गुरूंची वाणी आहे, त्याचबरोबर मुसलमान संत शेख फरीद, विणकर कबीर आणि चर्मकार रविदास यांच्या रचनाही आहेत. मराठवाड्यातील नरसी या गावचे संत नामदेव यांची एकसष्ट पदे त्यात समाविष्ट आहेत. नामदेव मराठवाड्यातून पंजाबात गेले आणि तेथील लोकांचे झाले. पुढे सुमारे साडेतीनशे वर्षांनी गुरू पंजाबातून मराठवाड्यात आले आणि येथील लोकांचे झाले. दोन प्रांतांमधील हे संभाषण ग्रंथाच्या पानांतून आजही चालू आहे.

गुरूंच्या समाधिस्थानी महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात आजचा भव्य गुरुद्वारा बांधवला. तेथील लंगरात कोणासही जात वा धर्म विचारला जात नाही. श्रीमंत आणि गरीब, शीख, हिंदू आणि मुसलमान एकाच पंगतीत जमिनीवर बसतात आणि एकच अन्न ग्रहण करतात. शेजारी बसलेला माणूस अनोळखी असला, तरी पोळी वाढून होईपर्यंत त्याचे गाव विचारले जाते, आणि बोलणे सुरू होते.